मावशीच्या अलमारीतले सुपरहिरो: तपासणी आणि किंमत, कामाच्या नोंदी

१३ एप्रिल

कामाची हद्द आधी ठरवून घेतली. नागपुरात त्रिमूर्तीनगरला मावशीकडे, अलमारीच्या वरच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत दादाच्या सुपरहिरो मिनिफिग आहेत. लेगोच्या जोडायच्या विटांच्या खेळण्यातल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या बाहुल्या. २०१२ पासून नोकरी लागेपर्यंत त्याने जमवल्या आणि मग तो परदेशी गेला. त्याचा निरोप, "यात बरेच पैसे अडकलेत, नीट विक." मावशीचं वेगळंच, "भंगारवाल्याले देऊन टाकलं असतं, पण तो किलोवर घेते, अन् हे सारं मिळून किलोभरही नाही भरत."

मला करायचंय ते एवढंच: प्रत्येक बाहुली असली की नकली, पूर्ण की अर्धवट, आणि आज तिचे किती येतील, याचा एक तक्ता. विकायचं की ठेवायचं ते दोघं माय-लेक बघतील.

दादाने स्वतः एक यादी ठेवली होती, हिरोच्या नावाने लावलेली. ती बाजूला ठेवली. मी हिंगणा एमआयडीसीत मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माल हातात आला की आधी प्लास्टिक बघायचं, नाव शेवटी. इथेही तोच क्रम.

१४ एप्रिल

सुट्टी होती. बैठकीत जुनी पांढरी चादर अंथरली, म्हणजे हात निसटून पडला तरी सापडेल. मिनिफिगचा हात तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासाच मोठा असतो. टोपी, केस सोडून एका बाहुलीचे ९ सुटे भाग: डोकं, धड, दोन दंड, दोन पंजे, कंबर, दोन पाय. पण संग्राहक पाय आणि कंबर वेगळे करत नाहीत, दंडही उपसत नाहीत. सांधा एकदा सैल झाला की झाला. मावशीच्या शेजारचा पोरगा मदतीला आला आणि पहिल्या मिनिटात थॉरचा दंड उपटायला निघाला. त्याला डब्यांवर नंबर टाकायच्या कामाला लावला.

पहिली चाळणी गळ्याची. डोकं वर ओढून काढलं की मानेची खुंटी दिसते. असली मालात तिच्या माथ्यावर लेगोचा बारीक ठसा असतो. दागिन्यांचं भिंग लागतं. इतवारीच्या सराफ्यातून आणलेलं दहापट भिंग माझ्याकडे होतंच. नकलांवर हा ठसा बहुतेक वेळा नसतो, खुंटी नुसती गुळगुळीत.

दुसरी चाळणी पंजाची. मिनिफिगच्या मुठीत ३.१८ मिमीचा दांडा बसतो. तलवार, काठी, बॅटमॅनच्या हत्याराची मूठ, सगळं याच मापाचं. आमच्या टूलरूममध्ये अष्टमांश इंची ड्रिल असतं, त्याचा मागचा दांडा ३.१७५ मिमी. घरी आणायला परवानगी घेतली. असली पंजा त्यावर टच्चकन बसतो आणि बाहुली उलटी धरली तरी दांडा सुटत नाही. नकली दोन प्रकारांनी नापास होतो, एक तर भोक ढगळ, नाही तर जोर लावताच पंजाला पांढरी रेघ पडते. पांढरी रेघ म्हणजे प्लास्टिकवर ताण आला, पुढे तिथेच चीर.

तिसरं, गेटची खूण. वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये, म्हणजे साच्यात, जिथून शिरतं तिथे थंड झाल्यावर एक ठिपका उरतो. तो लपेल अशा जागी घेणं हे डाय बनवणाऱ्याचं कसब. नकलांत तो उघड्यावर दिसतो, पायाच्या बाजूला नाही तर दंडावर, आणि कधी नख लागेल इतका उंच. कडेने पापुद्र्यासारखा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून सुटलेलं जादा प्लास्टिकही असतं. आमच्याकडे असा माल थेट रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये जातो.

हिशेब: ७३ बाहुल्या. ४१ असली, २३ नकली, ९ मिसळ. मिसळ म्हणजे धड असली, डोकं नकली, किंवा उलट. मिसळीचा त्रास नकलीपेक्षा जास्त, कारण अशा बाहुलीला एकदम निकाल देता येत नाही, प्रत्येक भागाचा वेगळा द्यावा लागतो.

२० एप्रिल

दादाला व्हिडिओवर निकाल सांगितला. त्याला २३चा आकडा लागला. "बर्डीवरून घेतल्या होत्या काही, पण दिसायला तर सेम होत्या." बर्डी म्हणजे सीताबर्डीचा बाजार. तिथल्या मेन रोडवर आजही ६०-७० रुपयांना एक मिळते, पारदर्शक पुडीत, पाठीवर छापील पुठ्ठा. पोराला खेळायला हवी तर घ्यावी. त्यात मला तरी काही वावगं वाटत नाही. असली म्हणून खपवली तर गोष्ट वेगळी.

त्याने विचारलं, मग विटा सर्रास कुणीही बनवतो, बाहुलीच नकली का ठरते? विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. अशी पेटंटं केव्हाच संपली. विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून कायमचा राखायचा प्रयत्न युरोपात फसला. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो आकार तांत्रिक कामासाठी आहे, खूण म्हणून नाही. मिनिफिगचं मात्र उलटं झालं. तिचा आकार ट्रेडमार्क म्हणून २०१५ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टात टिकला. म्हणजे तिथे जोडणारी वीट कुणीही विकू शकतो, बाहुली नाही. आणि छातीवर बॅटमॅनचं चिन्ह छापलं की ते चिन्ह ज्यांचं त्यांचा हक्क वेगळा.

२७ एप्रिल

धुलाई. लेगो कंपनीची सूचना आहे की ४० अंशांपेक्षा गरम पाण्यात धुऊ नये. डेन्मार्कमध्ये बसून लिहिलेली सूचना. तिथे नळाचं गार पाणी ४० अंशांवर न्यायला तापवावं लागतं. नागपुरात एप्रिलच्या शेवटी दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आलं की हात झटकावा लागतो. म्हणून सकाळी सहाला, रात्रभर माठात ठेवलेल्या पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतल्या. छपाईवर ब्रश फिरवला नाही, फक्त बोट. पाय आणि पाठ मऊ टूथब्रशने.

पाण्यात एक गंमत कळली. असली बाहुलीचं प्लास्टिक म्हणजे एबीएस, त्याची घनता १.०५च्या आसपास, साध्या पाण्यात ते बुडतं. नकली ट्रेमधल्या एका हिरव्या केसाच्या टोपाला आतला बुडबुडा काढून सोडला तरी तो तरंगत राहिला. म्हणजे तो पॉलिप्रोपिलीन किंवा तसलंच हलकं प्लास्टिक. उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. बुडाला म्हणून असली नाही. चांगल्या नकलाही एबीएसच्याच असतात.

सुकवायला सावलीत, पंख्याखाली. गच्चीवर एक क्षणही नाही. उन्हाने बाहुली वितळत नाही, एबीएस मऊ व्हायला साधारण १०० अंश लागतात. पण ऊन रंग खातं. पांढरे भाग पिवळे पडतात, निळे फिके. दादाच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीत ज्या उभ्या होत्या त्यांची एक बाजू पिवळट आहे आणि भिंतीकडची पाठ कोरी पांढरी.

हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा उतरतो हे खरं. पण छपाई असलेल्या भागावर मी ते करणार नाही. तक्त्यात "पिवळट" असं लिहिणं सोपं आणि प्रामाणिक.

एका डब्यात बाहुल्या रबरबँडने गठ्ठा करून ठेवल्या होत्या. रबरबँडाचं उन्हाळ्यांनी चिकट गूळ झालं होतं. तीन कॅप्टन अमेरिकांच्या पोटावर त्याची तपकिरी पट्टी. कोमट पाण्याने आणि नखाने जेवढं निघालं तेवढं काढलं, डाग राहिला.

१ मे

ओळख पटवायचं काम. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मजाही इथेच आली.

ब्रिकलिंक या लेगोच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर प्रत्येक मिनिफिगला कोड आहे. सुपरहिरोंचे एसएच, जुन्या बॅटमॅनच्या संचांचे बीएटी, सुरुवातीच्या स्पायडर-मॅनचे एसपीडी. एकाच हिरोचे डझनावारी कोड असतात, कारण छातीवरची एक रेघ बदलली की नवा कोड. २००२ मध्ये पहिला स्पायडर-मॅन आला, २००६ मध्ये बॅटमॅनचे पहिले संच, आणि २०१२ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन्ही कॉमिक कंपन्यांचे संच सुपर हिरोज या नावाखाली सुरू झाले. दादाची सुरुवात या शेवटच्या टप्प्यावर झाली, म्हणून त्याचे जवळजवळ सगळे असली कोड एसएचचे आहेत.

बॅटमॅन ओळखताना मुखवटा काढून बघावा. अनेक बॅटमॅनच्या कपाळावर एक पांढरी पट्टी छापलेली असते, आंघोळीला जाताना कुणी केसांना बांधावी तशी. मुखवटा चढवला की डोळ्यांच्या भोकांतून तीच पट्टी पांढरे डोळे म्हणून दिसते. बर्डीच्या एका नकलीत मुखवट्यावरच डोळे पांढऱ्या रंगाने टिपलेत आणि खाली पूर्ण कोरं डोकं. मला ती युक्तीही आवडली, पण ट्रे नकलीचाच.

आयर्न मॅनचं शिरस्त्राण २०१२च्या नमुन्यात दोन भागांचं आहे, टोप आणि वर उघडणारी झडप. झडप दोन बारीक कानांवर अडकते. सहा आयर्न मॅनमध्ये चार झडपा. एका झडपेच्या आतून सोनेरी रंगाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ आहे, म्हणजे पॅड प्रिंटिंगचा शिक्का सरकला. आमच्याकडे हा दोष. काही संग्राहक अशा चुकीला जास्त पैसे मोजतात म्हणे, पण त्यासाठी चूक ठळक लागते. केसाएवढीला कुणी विचारत नाही.

किमतीचं मर्म या टप्प्यावर स्पष्ट दिसलं. २०१२चा लोकी त्या वर्षीच्या ६८६७, ६८६८ आणि ६८६९ अशा तीन संचांत होता. ब्लॅक विडो फक्त ६८६९ मध्ये. लोकीचं नाव कितीही गाजो, तो घराघरांत आहे, आणि विडो कमी घरांत. दादाच्या यादीत लोकीला तीन तारे होते आणि विडो शेवटच्या पानावर, "मुलींची" म्हणून. तिचं धड, केस, दोन्ही पिस्तुलं जागेवर आहेत. या अख्ख्या अलमारीत मला सगळ्यात सरस नग तोच वाटतो.

दादाचा जीव दोन बाहुल्यांत होता, नाइटविंग आणि बिझारो. नाइटविंग २००६च्या ७७८५ या अर्खम असायलमच्या संचातला, संग्राहकांत नावाजलेला. बिझारो २०१२ मध्ये सान डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात वाटलेला, तोही मोजकाच. जे वाटलं गेलं सातासमुद्रापलीकडे आणि थोडंच, ते नागपुरात श्रीखंडाच्या डब्यात निघालं तर आधी नकलीच धरायचं आणि मग तपासायचं. तपासलं. दोघांच्याही मानेवर ठसा नाही, बिझारोच्या पंजात ड्रिल लटलट हलतं. नकला करणारे दुर्मीळ माणसाची नक्कल आवर्जून करतात. मागणी तिथेच असते.

आंधळ्या पाकिटांचे नगही थोडे आहेत. डीसीची १६ जणांची मालिका २०२० मध्ये, मार्व्हलची १२ जणांची २०२१ मध्ये. पुडी चाचपून आत कोण ते ओळखण्याची कला तेव्हा होती. मुखवट्याचे कान, ढालीची गोल कड बोटाला लागायची. २०२३च्या मार्व्हल मालिकेपासून पुठ्ठ्याची पेटी आली आणि चाचपणं संपलं. दादाने दोन पुड्या न फोडता ठेवल्यात. मावशीला आत काय आहे ते बघायचंय. मी अडवलं. न फोडलेल्या पुडीचा भाव वेगळा.

४ मे

कापडी भाग. थॉर, लोकी, सुपरमॅन, बॅटमॅन यांचे झगे. जुने कडक, काहीशा ताठ कापडाचे. नंतरचे मऊ. कडक झग्याला एकदा घडी पडली की ती जात नाही, आणि धुतला की ताठपणा जातो. तीन झगे धुतल्यासारखे लोळागोळा होऊन पडलेत.

मावशी मागे उभी. "काय करून राहिली वं? आण इकडे, खळ लावून देतो." मावशीने चाळीस वर्षं सुती पातळांना घरी खळ केली. असली झग्याला हात लावू दिला नाही, नकली ट्रेमधला काळा झगा दिला. तिने साबुदाण्याची पेज गाळून, पातळ करून, कापड बुडवून, दोन स्टीलच्या ताटल्यांमध्ये दाबलं. कडक झाला, अगदी पतंगाच्या कागदासारखा. पण काळ्यावर साबुदाण्याचे पांढरे ठिपके उमटले. मावशीचं मत, "काळ्याले खळ लावतच नसते कोणी." तिचा निकाल माझ्या तक्त्यात जसाच्या तसा लिहिला. असली झगे कोरडेच, दोन कागदांत, जाड पुस्तकाखाली.

त्यावरून रंगाचा विषय निघाला. कॅप्टनच्या पोटावरचा डाग बघून मावशी म्हणाली, चितार ओळीत नेऊन दे, तिथला माणूस असा रंगवून देईल की कळणार नाही. खरंच देईल. महालातल्या चितार ओळीत मूर्ती घडतात, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैलही मिळतात. मावशीच्या माहेरचा बैल तिच्या आजोबांच्या वेळचा, चाकांवरचा. दरवर्षी पोळ्याआधी त्याला नवा रंग, नवी झूल. त्याचं मूळ लाकूड कुठलं आणि रंगाचे थर किती, कुणी विचारलं नाही, आणि कुणी विकतही नाही. मिनिफिगचा बाजार याच्या उलट्या काट्याने चालतो. हाताने रंगवलेली छाती म्हणजे "बदललेली", तिचा भाव डागाळलेल्या मूळ छातीपेक्षाही पडतो. मला स्वतःला बैलाची रीत बरी वाटते. पण तक्ता विकणाऱ्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. डाग राहू दिला, फोटोत दाखवला.

११ मे

दर्जा तीन पायऱ्यांत बांधला. अ: छपाई अखंड, सांधे घट्ट, सगळं सामान जागेवर. ब: वापरल्याचं दिसतं, पण काही तुटलेलं नाही. क: चीर, पिवळेपणा, चावल्याची खूण, किंवा महत्त्वाचा भाग गायब. धडाच्या खालच्या कडेला, बाजूला, भिंगाने बघावं लागतं. कमरेच्या खुंट्या वर्षानुवर्षं आतून दाबत राहतात आणि तिथे केसासारखी उभी चीर येते. ती उजेडात तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. अशी चीर म्हणजे थेट क, छपाई कितीही नवी असो.

किंमत कशी लावली ते लिहून ठेवते, दादा विचारेलच. विकणारा काय मागतो ते बघायचं नाही. मागायला काय जातं. ब्रिकलिंकवर मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती रुपयांत, म्हणजे डॉलरांत, गेलं त्याची सरासरी मिळते, नव्याची वेगळी, वापरलेल्याची वेगळी. ही साइट २००० मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. वापरलेल्याची सरासरी धरली. गायब भागाची स्वतंत्र किंमत त्यातून वजा केली. लोकीचं शिंगांचं शिरस्त्राण, आयर्न मॅनची झडप, कॅप्टनची छापील ढाल, ही सुटी बघितली की कळतं की अख्ख्या बाहुलीचा बराच भाव त्यातच होता. बाकी उरतं ते धड आणि पाय.

मग भारतातला हिशेब. बाहेरून मागवायचं तर टपाल आणि कर. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून दुकानात विकायच्या खेळण्याला आयएसआय खूणही सक्तीची झाली. म्हणून इथल्या संग्राहकाला तोच नग महाग पडतो आणि तो हातातल्या वस्तूला थोडं जास्त मोजायला तयार असतो. पण थोडंच. घासाघीस तो नागपुरीच करतो.

एक आयर्न मॅन पूर्ण करायला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून झडप मागवली होती. आली ती नकली. कान जाड, टोपावर बसेना. परत पाठवली. तो नग "झडप नाही" असाच राहील.

१८ मे

धरमपेठेत लक्ष्मीभवन चौकात दोन गिऱ्हाइकं भेटली. पहिले एक काका, नातवासाठी. एक नग हातात घेतला, भाव ऐकला, आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. "एवढुश्या बाहुलीचे एवढे? इतक्यात तर सायकलचं टायर येते." मी त्यांना नकली ट्रेमधल्या पाच दाखवल्या, नकली आहेत असं सांगून. त्यांनी तीन घेतल्या आणि विचारलं, नातू तीन वर्षांचा आहे, चालेल ना? नाही म्हटलं. एवढा पंजा त्या वयात घशात अडकतो. पैसे परत दिले. काका थोडे नाराज झाले, पण म्हणाले, बरं झालं सांगितलं.

दुसरा व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचा पोरगा. त्याने बसल्या बसल्या विडोचं डोकं काढलं, मोबाइलचा टॉर्च मानेवर तिरपा धरला, मग धडाची खालची कड बघितली, मग डोक्यामागचा दुसरा चेहरा. बोलला काहीच नाही. मला वाटलं, हा आमच्या लाइनवर लावायला पाहिजे.

"ताई, धडाला चीर नाही म्हणता, पण उजव्या बाजूला हे काय?"

"तो डायचा जोड आहे. दोन्ही बाजूंना सारखा आहे बघ. चीर एकाच बाजूला असती."

त्याने डावी बाजू फिरवून बघितली आणि मान डोलावली. मग भाव. मी सांगितला, त्याने चौथाई कमी सांगितला, मी दहा टक्के उतरले, त्याने दोन हॉकआय बरोबर मागितले. एक दिला. विडो गेली. क दर्जाचे तीन कॅप्टनही त्यानेच घेतले, डागासकट, डिओरमात, म्हणजे छोट्या देखाव्यात, पडलेले दाखवायला. लढाईतल्या जखमेसाठी तो डाग त्याला उलट बरा वाटला.

२५ मे

साठवण. जे विकायचं नाही ठरलं ते आता झिपच्या पिशव्यांत, पॉलिप्रोपिलीनच्या, एकेक सुटं. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातलं तेलकट द्रव्य उन्हाळ्यात प्लास्टिकवर येतं. अलमारीचा वरचा कप्पा छताला लागून, तिथे सगळ्यात उकडतं, आणि कुलरची ओल भिंतीला लागते. म्हणून डबे खालच्या कप्प्यात, मावशीच्या पातळांशेजारी. रबरबँड एकही नाही.

८ जून

दादाला तक्ता पाठवला. असलीपैकी अ आणि ब दर्जाचे २६, त्यातले ९ गेले. क दर्जाचे १५, त्यातले ३ गेले. मिसळ ९ चे सुटे भाग करून विकायचे, बाहुली म्हणून नाही. नकली २३ वर प्रत्येक पिशवीत चिठ्ठी आहे, "नकली, खेळण्यासाठी", म्हणजे पुढे कुणी चुकून असली म्हणून विकणार नाही.

दादाने रात्री उत्तर दिलं. न फोडलेल्या दोन पुड्या ठेव, त्याला पुढच्या वेळी आल्यावर स्वतः फोडायच्यात. बिझारो नकली असला तरी फेकू नको. बाकी सगळं जाऊ दे. मावशीने विचारलं, खालच्या कप्प्यात किती जागा उरली. दोन डब्यांची. तिथे ती तान्ह्या पोळ्याचा बैल ठेवणार आहे, माळ्यावर त्याला वाळवी लागण्याची भीती आहे.

राहिलेलं काम: लोकीच्या शिंगांचा भाव पावसाळ्यात पुन्हा बघणे, अष्टमांश ड्रिल टूलरूमला परत करणे.